जुन्या विजेच्या पंख्याचे सुटे भाग कसे मिळवायचे

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत उभं राहून "जीईसीच्या जुन्या टेबल पंख्याचं बुश आहे का?" असं विचारलं, तर बहुतेक वेळा नकारच येतो. (बुश म्हणजे पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात फिरतो ती धातूची नळी.) त्याच दुकानात "आतून पाच-सोळांश इंच, बाहेरून १४ मिमी, लांबी ३८, गनमेटलचं" असं विचारून बघा. माल नसला तरी कुठल्या लेथवर करून मिळेल ते दुकानदार सांगतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पंख्याचे भाग कंपनीच्या नावाने मिळायचे दिवस गेले. मापाने मात्र आजही जवळजवळ सगळं मिळतं, आणि जे मिळत नाही ते बनवून देणारा कारागीरसुद्धा आधी मापच विचारतो.

पुढचं सगळं मुख्यतः १९२० ते १९७० च्या दरम्यानच्या टेबल पंख्यांसाठी आहे: आपल्याकडे घरोघरी दिसणारे जीईसी, क्रॉम्प्टन, उषा, ओरिएंट, अधूनमधून हाती लागणारा इटालियन मारेली, आणि परदेशातून आलेले एमर्सन किंवा वेस्टिंगहाउस. छताच्या पंख्याचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

खोलण्याआधी

पंखा चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. तळाचं झाकण काढलं की वायरींचा फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा नंबर लावा. काढलेला स्क्रू त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवा. सगळे एका डबीत टाकले की कुठला कुठे होता ते कळत नाही, आणि चुकीचा स्क्रू जोराने आवळला की बिडातले किंवा ॲल्युमिनियममधले आटे कायमचे जातात.

शाफ्टवरच्या फायबरच्या चकत्यांकडे खास लक्ष द्या. पुढे किती, मागे किती, प्रत्येकीची जाडी किती, हे कागदावर लिहून ठेवा. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) बरोबर मध्यावर बसावा म्हणून त्या घातलेल्या असतात. बाजू बदलली की रोटर एका अंगाला सरकतो, चालू केल्यावर चुंबकीय ओढ त्याला मध्याकडे खेचते आणि शाफ्ट चकतीवर दाबला जाऊन टकटक आवाज येतो. मग बुश खराब आहे असं समजून लोक नवं बुश करायला जातात.

गंजून बसलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबा. तरी हलला नाही तर सोल्डरिंग आयर्न डोक्यावर दोन मिनिटं टेकवा आणि खाचेत पूर्ण रुंदीने बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. खाच एकदा गोल झाली की तो स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो.

मोडका भाग टाकू नका. तोच कारागिराला दाखवायचा नमुना असतो.

हत्यारांत डिजिटल व्हर्नियर, ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर, मेट्रिक आणि व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश इंची) अशा दोन्ही आट्यांच्या पट्ट्या, आणि मायक्रोफॅरड मोजणारा मल्टिमीटर एवढं हवंच. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) विकत घ्यायची गरज नाही, चांगल्या वाइंडरकडे (मोटरची तार गुंडाळणाऱ्याकडे) तो असतो.

स्क्रू आणि आटे

सगळ्यात जास्त पंखे इथेच बिघडवले जातात. ब्रिटिश बनावटीच्या पंख्यांत, आणि त्यांच्या नमुन्यावर इथे बनलेल्या पंख्यांत, बारीक स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) आट्यांचे आणि मोठे व्हिटवर्थ आट्यांचे असतात. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, पण कारखान्यांतले आटे बदलायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. त्यामुळे साठच्या दशकातल्या पंख्यात दोन्ही प्रकारचे स्क्रू सापडू शकतात.

नेहमी लागणारी मापं अशी (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत):

०बीए: बाहेरचा व्यास ६.० मिमी, पिच १.०
२बीए: ४.७ मिमी, पिच ०.८१
४बीए: ३.६ मिमी, पिच ०.६६
६बीए: २.८ मिमी, पिच ०.५३

फसवणूक कशी होते ते बघा. २बीएची पिच ०.८१ आणि मेट्रिक एम-५ ची ०.८. एम-५ चा स्क्रू २बीएच्या भोकाच्या तोंडाशी धरल्यासारखा वाटतो, मग घट्ट होतो. दुकानदार "थोडा जोर लावा, बसेल" म्हणतो. जोर लावला की ४.७ च्या भोकात ५ मिमीचा स्क्रू कापत जातो. भिंत जाड असेल तर निभावतं, पण पातळ ओतीव झाकण तिथेच तडकतं. दुसरी गल्लत तीन-सोळांश इंच व्हिटवर्थशी होते. त्याचा व्यास ४.७६ मिमी, म्हणजे जवळजवळ २बीएएवढाच, पण पिच १.०६. म्हणून नुसता व्यास मोजून भागत नाही. दहा आट्यांची लांबी मोजा: ८.१ मिमी आली तर २बीए, १०.६ आली तर व्हिटवर्थ. अमेरिकन पंख्यातला १०-३२ स्क्रू ४.८३ मिमीचा असतो आणि त्याचे दहा आटे ७.९ मिमी भरतात. तो २बीएचा जुळा भाऊच वाटतो, पण बीएच्या आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि अमेरिकन आट्यांचा साठ. शंका आली तर पंखा कुठल्या देशात बनला ते आधी बघा.

बीए स्क्रू मिळवायचे दोन मार्ग. पितळी विद्युत भाग बनवणाऱ्या जामनगरच्या कारखान्यांचा माल मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत येतो, तिथे २बीए आणि ४बीए मागून बघा. दुसरा मार्ग भंगारातला. जुने व्होल्टमीटर, बेकेलाइटचे स्विच, जुने टेलिफोन यांत बीए स्क्रू भरलेले असतात. असं एखादं मोडकं यंत्र मिळालं तर स्क्रूंसाठीच घेऊन ठेवा. डोकं सपाट, गोल की खोलगट, हेही जुळवा. जुन्या पंख्यात आडवी खाच असते. अधिकच्या खुणेचा स्क्रू लांबूनही डोळ्याला खुपतो.

बुश आणि शाफ्ट

पंखा घरघरतो, हळू फिरतो, सुरू व्हायला बोट लावावं लागतं. यातलं बरंचसं बुशाचं दुखणं असतं. पातं धरून शाफ्ट वर-खाली हलवून बघा. हाताला खट्टकन लागणारी ढील असेल तर बुश गेलं. पुढे-मागे होणारी अर्ध्या मिलिमीटरची हालचाल मात्र हवीच, ती घालवू नका.

मोजायची सुरुवात शाफ्टपासून करा. केरोसीनने पुसून मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा: पुढच्या बुशात फिरणारा भाग, मागच्या बुशात फिरणारा भाग, आणि जिथे काहीच घासत नाही असा मधला कोरा भाग. कोरा भाग हेच कारखान्याचं मूळ माप. तिथे ७.९३ किंवा ७.९४ आलं तर तो पाच-सोळांश इंची शाफ्ट आहे. ६.३५ म्हणजे पाव इंच, ९.५२ म्हणजे तीन-अष्टमांश. बाजारातलं तयार ८ मिमीचं बुश ७.९४ च्या शाफ्टवर चढतं, छान फिरतं, आणि म्हणूनच ते घेण्याची चूक सगळे करतात. तेलाच्या पापुद्र्यासाठी ०.०२ ते ०.०३ मिमी फट पुरते. ८ मिमीचं बुश लावलं की नव्यानेच ०.०६ ची फट मिळते आणि चार दिवसांत पंखा पुन्हा घरघरायला लागतो.

बुश दोन प्रकारचं असतं. जुन्या जड पंख्यांत लांब, सरळ, गनमेटलचं किंवा फॉस्फर ब्राँझचं बुश ठोकून बसवलेलं असतं आणि त्याच्या पोटाला तेल पोचवणाऱ्या नमद्याच्या (फेल्टच्या) वातीसाठी खाच असते. नंतरच्या पंख्यांत चेंडूसारखं गोल, सच्छिद्र ब्राँझचं बुश येतं. ते स्प्रिंगच्या पट्टीखाली स्वतःहून सरळ होतं. गोल बुश मिमी मापाच्या शाफ्टसाठी तयार मिळतं, बाहेरचा गोल आणि आतला व्यास जुळला की काम झालं. सच्छिद्र बुश लेथवर रीमरने (भोक मापात मोठं करायच्या हत्याराने) किंवा बोथट हत्याराने मोठं करू नका. वरची छिद्रं बुजतात आणि आतलं तेल बाहेर येत नाही.

लांब बुश टर्नरकडून करून घ्यावं लागतं. त्याला पंख्याचं झाकण, शाफ्ट आणि जुनं बुश तिन्ही द्या आणि या गोष्टी लिहून द्या. बाहेरचा व्यास भोकापेक्षा ०.०२ ते ०.०४ मिमी जास्त, म्हणजे दाबून बसेल. दाबल्यावर आतला व्यास साधारण तेवढाच आकसतो, म्हणून आतलं शेवटचं माप बुश बसवल्यानंतर रीमरने काढायचं. दोन्ही झाकणं पंख्याला बांधून लांब रीमर एका बाजूने आरपार घातला तर दोन्ही बुशं एका रेषेत येतात. वेगवेगळी रीम केली तर प्रत्येक बुशात शाफ्ट मोकळा फिरतो आणि पंखा बांधला की अडकतो. वातीची खाच आणि तेलाच्या भोकाची जागा जुन्यावर बघून तशीच ठेवायला सांगा. खाच उलट बाजूला गेली तर तेल बुशापर्यंत पोचतच नाही.

शाफ्ट झिजलेला असेल तर? ०.०३ पर्यंत झीज हजार नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करून चालते. त्याहून जास्त असेल तर शाफ्ट ग्राइंड करून त्या मापाचं बुश करा. पण शाफ्टच्या मागच्या टोकाला मान फिरवणारा वर्म (स्क्रूसारखे आटे) कापलेला असतो, त्याला ग्राइंडिंगचं चाक लागता कामा नये. हे तोंडी सांगून भागत नाही, वर्मवर चिकटपट्टी गुंडाळूनच शाफ्ट द्या.

तयार झालं की परीक्षा अशी: शाफ्टवर तेलाचा थेंब लावून बुशात उभा धरा. तो आपल्या वजनाने सावकाश खाली यावा. धाडकन पडला तर ढिला, अडकला तर घट्ट.

वातीसाठी लोकरीचाच नमदा हवा. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे तो मिळतो. हस्तकलेच्या दुकानातला रंगीत फेल्ट बहुधा कृत्रिम धाग्याचा असतो आणि तेल ओढत नाही. एक धागा जाळून बघा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून गोळी झाली तर प्लॅस्टिक. नवा नमदा रात्रभर तेलात बुडवून मगच बसवा.

तेल डिटर्जंट नसलेलं घ्या: मोठ्या पंख्याला आयएसओ ६८, लहानाला ३२. गाडीच्या इंजिन ऑइलमधला डिटर्जंट मळ तरंगत ठेवतो आणि वात त्याने तुंबते. खोबरेल आणि खाण्याची तेलं काही महिन्यांत लाखेसारखी घट्ट होतात. जुन्या पंख्यात जे तपकिरी किटण सापडतं त्यातलं बरंचसं असल्याच तेलाचं असतं.

छताच्या पंख्याला बॉल बेअरिंग असतील तर काम सोपं. बहुतेकांत ६२०१ किंवा ६२०२ बसतं. पहिल्याचं माप १२ × ३२ × १०, दुसऱ्याचं १५ × ३५ × ११ मिमी. पण फार जुन्या पंख्यात अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमीचा शाफ्ट निघू शकतो. त्यावर ६२०१ ठोकून बसवू नका, इंची बेअरिंग मागा. सुटे छर्रे असलेली जुनी कप-बेअरिंग असतील तर छर्रे सायकलच्या दुकानात इंची मापातच मिळतात: एक-अष्टमांश, पाच-बत्तीसांश, तीन-सोळांश. एक खराब असला तरी सगळे बदला.

मान फिरवणारा गिअर

मागचं झाकण काढल्यावर वाळलेल्या ग्रीसचा गोळा दिसतो. तो काडीने खरवडून, केरोसीनने धुऊन आतला लहान चक्राकार गिअर बघा. दात टोकाला सुरीसारखे पातळ झाले असतील तर तो संपला.

एका दातावर मार्करने ठिपका द्या आणि दात मोजा. मग व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या. व्यासाला (दात अधिक दोन) ने भागलं की मॉड्यूल, म्हणजे दाताचं मेट्रिक माप, मिळतो. समजा ४० दात आणि व्यास २१ मिमी: २१ भागिले ४२, म्हणजे मॉड्यूल ०.५. पण ४० दात आणि व्यास २२.२ आला तर भागाकार ०.५३ येतो. हा कुठलाच मेट्रिक मॉड्यूल नाही. हा ४८ डीपीचा (डायमेट्रल पिच, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला ४८ दात) इंची गिअर आहे. ०.५ चा तयार गिअर त्याच्या जागी बसतो, पण वर्मशी त्याचे दात जुळत नाहीत आणि काही आठवड्यांत झिजून जातात. वर्म व्हीलचे दात तिरके असल्याने हे गणित थोडं पुढेमागे होतं. म्हणून गिअर कापणाऱ्याकडे शाफ्टही न्या, म्हणजे तो वर्मची पिच थेट मोजेल. दात उजवीकडे झुकलेत की डावीकडे, हेही लिहून ठेवा.

धातू निवडताना एक गोष्ट पाळा. मूळ गिअर कापडी बेकेलाइटचा किंवा ब्राँझचा असेल तर नवा त्याहून कठीण करू नका. गिअर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, झिजायचं काम त्याचं. टिकेल म्हणून पोलादी गिअर बसवला तर तो शाफ्टवरचा वर्म खातो, आणि वर्म गेला म्हणजे शाफ्ट गेला, रोटर गेला. थ्री-डी प्रिंटरवर करायचा असेल तर नायलॉनचा करा. पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पंख्याचं डोकं चांगलंच तापतं. बसवताना लिथियम ग्रीस भरा, तेही निम्म्या जागेपुरतंच.

कॅपॅसिटर, वाइंडिंग, रेग्युलेटर

जुना पत्र्याचा कॅपॅसिटर उघडू नका. त्यातलं तेल विषारी असू शकतं. आधी १० किलो-ओहमचा रेझिस्टर दोन टोकांना लावून तो रिकामा करा, मग काढून बाजूला ठेवा. पत्र्यावर एमएफडी पुढे जो आकडा असेल तोच मायक्रोफॅरड आकडा नव्याचा घ्या, ४४० व्होल्ट एसीचा. २५० व्होल्टचा चालणार नाही, कारण स्टार्टिंग वाइंडिंगच्या बाजूला सप्लायपेक्षा जास्त दाब येतो. आकडा पुसला असेल तर १.५ पासून सुरू करा, मग २, मग २.५. सर्वांत कमी स्पीडवर हात न लावता सुरू होईल असा लहानात लहान आकडा ठेवा. मोठा कॅपॅसिटर घातला की पंखा जोरात फिरल्यासारखा वाटतो आणि वाइंडिंग तापत राहतं.

स्टेटरच्या दातांवर तांब्याच्या जाड कड्या दिसल्या तर त्या पंख्याला कॅपॅसिटर नसतोच, शोधत बसू नका. काही अमेरिकन पंख्यांत तळातली कॉइल स्पीडही बदलते आणि मोटर सुरूही करते. डोक्याकडे तीन वायरी जात असतील तर तळातली कॉइल हे नुसतं रेग्युलेटर समजून काढू नका. ती काढली की मोटर गुणगुणते पण सुरू होत नाही, आणि तशी कॉइल कुठेही तयार मिळत नाही.

वाइंडिंग जिवंत असेल तर ते बदलू नका. वाळवा, वॉर्निश द्या. जळलंच असेल तर वाइंडरकडून तोडण्याआधी खाचांची संख्या, कॉइलचा पल्ला, प्रत्येक कॉइलचे वेढे आणि तारेचा गेज लिहून घ्या. तार मोजण्याआधी इनॅमल जाळून पुसा. इनॅमलसकट माप ०.०२ ते ०.०३ ने जास्त येतं आणि ३६ गेजची (०.१९३ मिमी) तार ३५ किंवा ३४ ची (०.२३४) वाटते. जाड तार घातली की वेढे खाचेत मावत नाहीत. मग वेढे कमी केले जातात आणि मोटर तापते.

छताच्या पंख्याचा जुना लाकडी किंवा बिडाचा रेग्युलेटर दिसायला देखणा असतो, पण आतली तार तुटकी असते. पेटी आणि मूठ ठेवून आत आजचा कॅपॅसिटर प्रकारचा पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवता येतो. पेटीत पांढरट, तंतुमय पुठ्ठ्याचे तुकडे असले तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. खरवडू नका, ओलं करून पिशवीत बांधा.

परदेशी आणि डीसी पंखे

अमेरिकन पंखा ११० ते ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. आपल्या ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टला त्याच्या लोखंडात चुंबकत्व वीस टक्के वाढतं आणि तो तापतो. ११५ ला ५०/६० ने गुणा, ९६ येतात. म्हणून वाइंडरकडून ९५ व्होल्टचा टॅप असलेला १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर करून घ्या. पंखा मूळ वेगापेक्षा सहाव्या हिश्शाने हळू फिरेल. तो दोष नाही, हर्ट्झचा परिणाम आहे.

कार्बन ब्रश आणि त्यांच्याखाली फिरणारा तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर दिसला तर पंखा डीसी किंवा युनिव्हर्सल (एसी-डीसी दोन्हीवर चालणारा) आहे. कोलकात्याच्या काही भागांत डीसी वीज कित्येक दशकं होती, आणि मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला फोडलेल्या जहाजांवरचे केबिनचे पंखेही पुष्कळदा डीसीचे असतात. फील्डचा (स्थिर कॉइलचा) लोखंडी गाभा पातळ पत्र्यांचा असेल तर तो एसीवर चालू शकतो. अखंड ओतीव असेल तर फक्त डीसी. त्याला १००० व्होल्टचा ब्रिज रेक्टिफायर लावा, पण पुढे फिल्टर कॅपॅसिटर लावू नका. नुसत्या ब्रिजमधून सरासरी २०७ व्होल्ट मिळतात, २२० च्या पंख्याला ते मानवतात. कॅपॅसिटर लावला की दाब ३२५ पर्यंत चढतो आणि आर्मेचर जातं.

ब्रश थोडा मोठा घेऊन घासून मापाचा करा. होल्डरमध्ये तो आपल्या वजनाने सरकला पाहिजे. टोकाला गोलाई द्यायला कॉम्युटेटरवर बारीक काचपेपर उलटा, म्हणजे खरखरीत बाजू ब्रशकडे करून, गुंडाळून शाफ्ट हाताने फिरवा. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात.

पाती, जाळी, ओतीव भाग

पाती नेहमी संचच घ्या. एकच पातं दुसऱ्या पंख्याचं लावलं तर वजन आणि वाक दोन्ही जुळणं कठीण. तराजूवर पाती एकमेकांत दोन ग्रॅमच्या आत असावीत. टेबलावर पेन्सिल उभी रोवून पंखा हाताने फिरवा. प्रत्येक पात्याचं टोक पेन्सिलीपासून दोन-तीन मिमीच्या फरकात जायला हवं. रिव्हेटांभोवती भिंगाने बघा. केसाएवढी चीर दिसली तरी ते पातं शोभेचं समजा, फिरवू नका. पंखा कुठल्या दिशेने फिरतो हे आधी बघून मगच पाती शोधा. उलट दिशेची पाती वारा मागे फेकतात.

पात्यांचा हब (पाती ज्यावर बसतात तो मधला भाग), मानेचा सांधा किंवा तळाची मूठ कधीकधी जस्ताच्या मिश्रधातूची असते. त्यात शिसं मिसळलं असेल तर ती आतून फुगते, तडे जातात, चुरा होतो. त्याला डाग बसत नाही आणि गोंदही टिकत नाही. तो भाग पितळेत ओतून घ्यावा. पुण्यात तांबट आळी, कोल्हापुरात उद्यमनगर अशा ठिकाणी विचारलं की एका नगाचं काम करणारा ओतारी सापडतो. मूळ भागच साचा म्हणून दिला तर ओतीव भाग दीड ते दोन टक्के लहान येतो. १०० मिमीच्या भागात दोन मिमीपर्यंत फरक पडतो आणि भोकं जुळत नाहीत. म्हणून नमुन्यावर मेण चढवून आकार वाढवा आणि भोकं ओतून न घेता नंतर ड्रिल करा.

जाळीच्या तुटलेल्या पितळी तारेला पितळी डाग द्या. शिशाचा डाग थरथरीने सुटतो.

दुसरा पंखा फोडायचा असेल तर

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर, शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणाऱ्या बाजारात, पुण्याच्या रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात मेलेले पंखे मिळतात. नावाच्या पट्टीवर जाऊ नका. शाफ्टचा व्यास, स्टेटरची जाडी, वर्मची दिशा आणि हबचं भोक, ही चार मापं खिशात घेऊन जा. व्हर्नियर बरोबर असला की विक्रेताही नीट बोलतो.

चकचकीत पितळी "ॲंटिक" पंखे जपून घ्या. त्यातले बरेच अलीकडे ओतलेले असतात. अधिकच्या खुणेचे स्क्रू, एम-४ आणि एम-५ आटे, बुशात झीज नाही आणि आत पीव्हीसी वायर असं एकत्र दिसलं तर तो पंखा नवा. दुर्मीळ अमेरिकन भागांसाठी अँटिक फॅन कलेक्टर्स असोसिएशनच्या सभासदांकडे विचारता येतं, तेही मापं आणि फोटो पाठवूनच. परदेशातल्या मंडळींनी इथून पंखा न्यायचा असेल आणि तो शंभर वर्षांहून जुना असेल, तर १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात तो येतो का, हे पुरातत्त्व खात्याकडून आधी विचारून घ्यावं.

वायर आणि पहिली चाचणी

मूळ कापडी वायर कितीही छान दिसत असली तरी ती वापरू नका. आतलं रबर बिस्किटासारखं तुटतं, आणि तेही मान वळते तिथे, आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही. वरून कापडी विणीचं पण आत पीव्हीसी असलेली तीन तारांची ०.७५ चौरस मिमी वायर ऑनलाइन मिळते. तळापासून डोक्यापर्यंत मात्र बारीक तारांची सिलिकॉन वायर घाला आणि मान दोन्ही टोकांना वळवून बघा, ताण यायला नको. तिसरी तार बिडाच्या अंगाला रंग खरवडून स्क्रूने आवळा. जुन्या पंख्यात बहुधा अर्थिंग नसतं, तुम्ही द्यायचं. खरवडताना ओला पेपर वापरा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

जोडल्यावर वाइंडिंग आणि अंग यांच्यामध्ये मेगर लावा. एक मेगओहमच्या खाली असेल तर सप्लाय देऊ नका. दोन दिवस उन्हात किंवा पेटीत १०० वॉटच्या जुन्या तारेच्या (एलईडी नव्हे) दिव्याखाली ठेवा, पुष्कळ वेळा ओल जाऊन आकडा वर येतो. मग तसलाच १०० वॉटचा दिवा सिरीजमध्ये घालून चालू करा. दिवा पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मंद पेटला आणि पाती हलायला लागली तर दिवा काढून थेट सप्लाय द्या. दोन तास चालवून डोक्यावर तळहात ठेवा. गरम लागलं तरी हात टेकवून ठेवता आला पाहिजे. मग बंद करून दोन्ही तेलकपांत चार-चार थेंब पुन्हा घाला, कारण नव्या नमद्याने पहिलं तेल स्वतःच पिऊन टाकलेलं असतं.